यादीतलं नाव

(किल्लारी इथं ३० सप्टेंबरच्या भूकंप स्मृतिदिनी दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज सकाळी जुन्या गावात स्मृतिस्तंभापाशी मानवंदना झाली. तिथून इथं येईपर्यंत मी गप्प होतो. गाडीतल्या तरुण मित्राला वाटलं, मी भाषणाची जुळवाजुळव करतोय. खरं तर मी एक रजिस्टर आठवत होतो.

१९९३ साली मी लातुरात कायद्याचा विद्यार्थी होतो. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं उशिरा निजली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दुसऱ्या दिवशी पोरांच्या ट्रकमधून मी इथं पोचलो. दगड उपसायला माझ्यापेक्षा धट्टीकट्टी मुलं होती. माझं अक्षर बरं, म्हणून कुणीतरी माझ्या हातात रजिस्टर दिलं. नाव, वय, नातं, गेले किती, राहिले किती. वर पावसाची रिपरिप. एका पत्र्याखाली एक म्हातारी बसली होती. तिनं सांगितलं, मी लिहिलं आणि उठलो. तशी ती म्हणाली, “काय लिवलास ते वाच की बाबा.” मी घाईत होतो, तरी वाचलं. तिच्या मधल्या सुनेचं नाव राहून गेलं होतं. मी ते घातलं. म्हातारी म्हणाली, “बघ, वाचलास म्हणून घावली ती.”

त्या दिवसांत ‘घावली’ हा शब्द आपण ढिगाऱ्यातल्या माणसांसाठी वापरत होतो. माणूस कागदाखालीही गाडला जातो, हे मला तिनं शिकवलं. पुढं तीसेक वर्षं वकिली केली. वारसाची नोंद, रेशनकार्ड, निराधारांचं अनुदान, पीकविमा. बहुतेक पक्षकारांचं गाऱ्हाणं एकच होतं, ‘साहेब, यादीत नाव नाही.’

संयोजकांनी मला विषय दिला आहे, महासाथीनंतरच्या समाजातली विषमता, लोकशाही आणि कायद्याचं राज्य. तिन्ही शब्द मोठे आहेत. मी ते त्या रजिस्टरच्या आकाराचे करून मांडणार आहे. आपत्ती आली की शासन सगळ्यात आधी यादी करतं. ती कोणत्या मापानं करतं, हा विषमतेचा प्रश्न. ती कुणासमोर वाचतं, हा लोकशाहीचा. नाव राहिलं तर दाद कुठं मागायची, हा कायद्याच्या राज्याचा.

सात-बाराचं माप

किल्लारीच्या भूकंपाविषयी एक गोष्ट आपण जाणतो, पण मोठ्यानं बोलत नाही. इथं माणसं जमिनीनं कमी आणि भिंतींनी जास्त मारली. दगड-मातीच्या दोन-दोन, अडीच-अडीच फुटी भिंती आणि वर माळवद. पाऊस गळू नये म्हणून त्यावर दरसाल मातीचा नवा थर. घर जितकं जुनं आणि भारदस्त, तितका वरचा भार जास्त. वाड्यांनी माणसं गाडली आणि गावकुसाबाहेरच्या कुडाच्या, पाचटाच्या खोपटांनी बऱ्याच ठिकाणी आतल्यांना जिवंत सोडलं. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली, १५,८५४ जनावरं गेली. त्या एका पहाटेपुरती गावाची उतरंड उलटी झाली.

मग पुनर्वसन आलं. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम उभा राहिला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. कुणाला केवढं घर द्यायचं, हे ठरवायला माप लागतं. ते माप सात-बाराचं होतं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, सात हेक्टरच्या वर ७५०. भूकंपानं जे उलटं केलं होतं, ते कागदानं सुलटं केलं.

अधिकाऱ्यांवर अन्याय नको म्हणून त्यांची बाजूही सांगतो. शेतकऱ्याला धान्य ठेवायला, अवजारं ठेवायला, दावणीला जागा लागते. ज्याचं मोठं घर पडलं त्याचं नुकसानही मोठं. शिवाय हजारो कुटुंबांसाठी चटकन तपासता येईल असा तयार दाखला सात-बारा हाच होता. हे सगळं खरं. पण सालगड्याच्या घरातही सहा-सात माणसं निजतात. त्याच्या बायकोला चूल मांडायला, पोरीला आडोशाला जागा लागते. जमीन किती, या प्रश्नाऐवजी माणसं किती, हा प्रश्न पहिला विचारला असता, तर याच निधीतून वेगळी गावं उभी राहिली असती. अनेक गावांत मोठे भूखंड एकीकडं आणि लहान दुसरीकडं गेले. रस्ते रुंद झाले, आखणी चौकोनी झाली, पण कुणाचं घर कुठल्या ओळीत, यावरून त्याची पत कळायची सोय राहिली. गल्ल्या बदलल्या, गाव ओळखीचंच निघालं.

आता दुसरी बाजू. ज्या गावांचं स्थलांतर झालं नाही, तिथं घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा कार्यक्रम झाला. सुमारे दोन लाख घरांचं ते काम मालकांनी स्वतः करून घ्यायचं होतं. त्यात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढं आल्या. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं त्यांना उभं केलं. कोपऱ्यात जोडदगड कसा बसवायचा, पट्टी कुठं घ्यायची, हे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया गवंड्याला विचारू लागल्या. हप्ता कुणाचा अडला, नाव कुणाचं गळलं, हेही त्या ग्रामसभेत विचारू लागल्या. ज्या वर्षी आपली गावं पडली, त्याच वर्षी २४ एप्रिलला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली होती. पंचायतीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा कायद्यानं आल्या. दिल्लीत छापलेलं ते कलम आपल्याकडं पडक्या भिंतीपाशी उभं राहून समजून घेतलं गेलं.

ज्यांची यादीच नव्हती

सत्तावीस वर्षांनी महासाथ आली. तिच्याविषयी म्हणायची पद्धत पडली होती की विषाणू गरीब-श्रीमंत पाहत नाही. भूकंपही पाहत नाही. पण घरी बसायला घर लागतं, अंतर राखायला खोली लागते आणि वाट पाहायला साठवलेलं धान्य लागतं.

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरियाकडच्या आपल्या घरी निघाले होते. भुसावळहून गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं चालत निघाले, आणि करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. मालगाडी आली. १६ जण गेले. रुळांत विखुरलेल्या चपात्यांचं छायाचित्र देशानं पाहिलं.

मी वकील आहे, म्हणून त्या छायाचित्रात मला एक न दिसणारी वस्तूही दिसते, ती म्हणजे एक नोंदवही. परप्रांतातून येणाऱ्या मजुरांसाठी १९७९ सालचा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा होता. ठेकेदारानं परवाना घ्यावा, मजुरांची नोंद ठेवावी, जाण्या-येण्याचा खर्च द्यावा, असं त्यात लिहिलेलं होतं. चाळीस वर्षं तो कायदा पुस्तकात होता. तो नीट पाळला असता, तर मार्च २०२० मध्ये कोण कुठं अडकलं आहे हे शासनाला एका दिवसात कळलं असतं. या दुर्घटनेनंतर आठवड्याभरात, १५ मे रोजी, चालत निघालेल्यांबद्दलची विनंती सर्वोच्च न्यायालयात आली, तेव्हा लोक चालत निघाले तर न्यायालय त्यांना कसं थांबवणार, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच न्यायालयानं आपणहून दखल घेतली. आणि २९ जून २०२१ च्या निकालात असंघटित कामगारांची नोंदणी पुरी करा, त्यांना शिधा द्या, असे आदेश दिले. ऑगस्टमध्ये ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झालं. यादी झाली. माणसं घरी पोचून, काही न पोचून, वर्ष उलटलं होतं.

आणि आपली माणसं? मराठवाड्यातले लाखाहून अधिक ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि इतरत्र कारखान्यांच्या आवारात अडकले होते. मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्याची उचल पैशापर्यंत लिहिलेली होती. शासनाच्या वहीत त्यांचा पत्ता मात्र गावाचा, पाल कारखान्यावर, आणि रेशन गावाकडच्या दुकानात. एप्रिलमध्ये त्यांना परतायची परवानगी मिळाली. कर्ज नोंदवणारी यादी पक्की आणि हक्क नोंदवणारी कच्ची, हेच आपल्याकडच्या विषमतेचं रूप आहे.

मेलेल्यांची यादीसुद्धा सरळ निघाली नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या बाराव्या कलमात मृतांच्या वारसांना सानुग्रह साहाय्याची तरतूद आहे. त्यावर बोट ठेवून गौरव कुमार बन्सल यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं ३० जून २०२१ रोजी केंद्राच्या प्राधिकरणाला निकष ठरवायला लावले. रक्कम ५० हजार रुपये ठरली. महाराष्ट्राच्या नोंदीत तोवरचे कोविडमृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार होते. जानेवारी २०२२ पर्यंत अर्ज आले २ लाख १३ हजारांच्या वर. यातले काही दुबार असतील, काही चुकीचे असतील. पण मोठा भाग अशा घरांचा होता, जिथं माणूस चाचणीनंतर महिन्याभरात घरीच गेला आणि दाखल्यावर कारण भलतंच लागलं. न्यायालयानं दार उघडलं तेव्हा ही घरं उजेडात आली. ‘सानुग्रह’ या शब्दात अनुग्रह आहे, कृपा आहे. न्यायालयाला कलम दाखवता आलं, म्हणून त्या कृपेला मागणीचं रूप आलं. १९९३ साली आपल्याकडं असं कलमच नव्हतं.

कायद्याचा धाक आणि कायद्याचं राज्य

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि मराठी माणसाला हा फरक प्लेगनं शिकवला. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगसाठी झाला. अवघी चार कलमं. शेवटचं कलम काय? सद्भावनेनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. रोग्याच्या हक्काचं कलम एकही नाही. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हाताखालचे सोजीर घरात शिरले आणि पुढं काय झालं ते आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. एकीकडं दार फोडणारा कायदा, दुसरीकडं रोग्याजवळ जाणारी बाई. पहिल्याची अंमलबजावणी झाली, दुसरीचं कलम झालं नाही. आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं जो कायदा पहिल्यांदा हाती घेतला, तो हाच.

आपल्या लातुरात २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. ‘जलदूत’ आठवते ना? गाडी येण्याआधी जमावबंदी आली होती. तहानलेल्याला कायदा आधी काठीच्या रूपात भेटतो, पाणी मागून येतं.

पण आपल्याच उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २१ ऑगस्ट २०२० रोजी दुसरं रूपही दाखवलं. तबलिगी जमातीशी संबंधित २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे त्यांनी रद्द केले, आणि संकटात कुणाला तरी बळीचा बकरा करायची सरकारांची प्रवृत्ती असते, असं बजावलं. घबराट शिगेला असताना, ज्यांच्या बाजूनं एकही मत नाही अशांच्या बाबतीत पुरावा मागणं, याला मी कायद्याचं राज्य म्हणतो. धाक बलवानाला सोयीचा असतो. राज्य दुबळ्याच्या उपयोगी पडतं.

कुणासमोर वाचायचं?

आता लोकशाहीकडं येतो. महासाथीत ग्रामसभांना स्थगिती आली. ते एक वेळ समजू शकतो, गर्दी टाळायची होती. हजारो ग्रामपंचायतींची मुदत संपली. खासगी व्यक्तींना प्रशासक नेमायची वाट शासनानं धरली, तेव्हा प्रशासक शक्यतो सरकारी किंवा स्थानिक संस्थेचा सेवक असावा, असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. शेवटी १५ जानेवारी २०२१ रोजी १४ हजारांवर ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. महासाथ चालू असतानाही मतदान होऊ शकलं, हे लक्षात ठेवा.

कारण पुढं जे झालं त्याला महासाथीचं कारण उरलं नव्हतं. लातूरसह २५ जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता, प्रभागरचनेचा घोळ होता. तो प्रश्न खरा आणि महत्त्वाचा होता. पण तीन वर्षांहून अधिक काळ जिल्हा परिषद मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक म्हणून चालवत राहिले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं. या काळात शाळा चालल्या, दवाखाने चालले, रस्त्यांची बिलंही निघाली. म्हणूनच धोका आहे. सदस्य नसले तरी अडत नाही, अशी सवय लागते. मी काही चांगले प्रशासक पाहिले आहेत, झटणारे. पण यादी चुकली तर त्यांना पाच वर्षांनी कुणाच्या दारात यायचं नसतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता, की राजकारणात आपण समान होऊ आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषम राहू. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेनं पोळलेले लोक हा डोलारा उडवून देतील. आपल्या गावाच्या भाषेत सांगायचं तर, मतदार यादीत अडीचशे फुटांचं, चारशे फुटांचं आणि साडेसातशे फुटांचं मत नसतं. शेत किती, हे न विचारता केलेली गावातली ती जवळजवळ एकमेव यादी. म्हणून ती लांबणीवर पडली की सगळ्यात आधी नुकसान होतं ते ज्याच्याकडं दुसरी कुठलीच यादी नाही त्याचं. साडेसातशे फुटांवाल्याचा फोन साहेब एरवीही उचलतात.

मस्टर

मग आशेला जागा कुठं? मी ती इथल्याच मातीत दाखवतो.

संकटातून समता आपोआप उगवत नाही. चौदाव्या शतकात युरोपात प्लेगनं माणसं मेली, इंग्लंडात मजूर मिळेनात, मजुरी वाढू लागली. तिथल्या राज्यकर्त्यांनी १३५१ साली कायदा केला, की मजुरी साथीच्या आधीच्याच दरानं घ्यावी. कायदा जमीनमालकाच्या बाजूला उभा राहिला.

आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ पडला. खडी फोडलेले हात या सभेत असतील. सुकडी आणि लाल मिलोची चव आठवणारेही असतील. त्या खडीतून एक कायदा निघाला. वि. स. पागे यांनी आधी सांगली जिल्ह्यात करून पाहिलेल्या कल्पनेचा १९७७ साली रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि गावात काम मागेल त्याला काम द्यायचं. पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता. पुढं २००५ साली त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला, आणि २०२०-२१ मध्ये शहरांतून परतलेल्या माणसांना त्याचा आधार मिळाला. त्या एका वर्षात देशभर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम निघालं.

यात पैशापेक्षा मला मोलाचं वाटतं ते मस्टर. आत्तापर्यंत सांगितलेल्या याद्या दुसऱ्यानं आपल्याविषयी केलेल्या होत्या. तलाठी ठरवणार, ठेकेदार ठरवणार, डॉक्टर ठरवणार. मस्टरवर नाव मात्र मी मागितलं म्हणून चढतं. जमीन किती, जात कोणती, कुणाची ओळख आहे, हे कायदा विचारत नाही. आणि नाही म्हणणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते. प्रत्यक्षात मस्टरवर खोटी नावं चढली, मजुरी महिनोन्‌महिने थकली, हे मी कोर्टात पाहिलं आहे. तरीही थकलेली मजुरी मागायला जाणारी बाई ‘द्या साहेब’ म्हणत नव्हती, ‘का दिली नाही’ म्हणत होती. मदत आणि हक्क यांतलं अंतर इतकंच, आणि तेवढ्यासाठी एका दुष्काळातून कायद्यापर्यंत यावं लागलं.

महासाथीनं आपल्याला असा कायदा दिला का? दवाखान्यात खाट मिळण्याचा, अडकलेल्या मजुराला जिथं आहे तिथं जेवण मिळण्याचा, मृत्यूची नोंद खरी होण्याचा? काही आदेश मिळाले, एक पोर्टल मिळालं, पन्नास हजार मिळाले. ७२ च्या दुष्काळातून जे निघालं, त्याच्या तोलाचं अजून काही निघालेलं नाही. ते वरून येईल असं मला वाटत नाही. रोजगार हमीही आधी एका तालुक्यात करून पाहिली होती.

म्हणून शेवटी एक अगदी छोटं काम सांगतो. परवा २ ऑक्टोबर, ग्रामसभेचा दिवस. कायद्यानं गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. गावोगाव काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. माणसं येत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग पाच-सहा जणांत ठराव होतात. घरकुलाची यादी, निराधारांची यादी, नुकसानभरपाईची यादी मंजूर म्हणून पुढं जाते. सात-बाराचं चावडीवाचन करायची आपल्याकडं पद्धत आहे, कारण जमिनीच्या नोंदीतली चूक जमिनीवाल्याला खपत नाही. मग माणसांच्या याद्यांचं चावडीवाचन का होऊ नये?

परवा शंभर जण जा. भाषण करू नका, भांडू नका. ग्रामसेवकांना इतकंच म्हणा, काय लिहिलं आहे ते वाचा. सगळी नावं वाचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मधे थांबा. कुणाची तरी मधली सून राहिलेली असेल.